फक्त कौटुंबिक वापरासाठी

समुद्रापासून सगळ्या बाजूंनी लांब असलेल्या नागपुरात राहून स्वतःला दर्यावर्दी म्हणवणारी बाई एकच आहे, आणि ती माझी मोठी नणंद आहे. कुणाला याबद्दल शंका असेल तर त्याने ती ताईंसमोर काढू नये. माझ्या नवऱ्याने एकदा काढली होती. "ताई, आपल्याकडे समुद्र कुठे आहे?" एवढंच तो म्हणाला. ताईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मुंबईले समुद्र आहे, तं ते लोक काय रोज त्याच्यात पोहून राहिले का? आपल्याकडे ऊन आहे. असं ऊन आहे का कोणाच्या बापाकडे?" नवरा कूलरमध्ये पाणी भरायचं निमित्त करून उठला तो अर्धा तास आलाच नाही. कडाक्याची थंडी होती आणि कूलर माळ्यावर होता.

ताईंची नोकरी औष्णिक वीज केंद्रात झाली, टर्बाइनच्या अगदी शेजारी, बत्तीस वर्षं. कानांवर लावायची टोपणं तिथे प्रत्येकाला मिळत, सक्तीही होती. पण ती अंबाड्यात अडकतात म्हणून ताईंनी ती कपाटात ठेवून दिली आणि कुणी तपासायला आलं की तेवढ्यापुरती घातली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा उजवा कान गेलेला होता आणि डावा निम्मा उरला होता. तोही दोन-तीन वर्षांत जाईल, असं डॉक्टरांनी मला सांगितलं, आणि मी ताईंना ते मोठ्याने पुन्हा सांगितलं. बाहेर येऊन स्कूटरवर बसताना ताई म्हणाल्या, "जिंदगीभर मी नुसता आवाज ऐकला वं. आता जेवढा कान उरला आहे, तेवढ्यात मले शांतता ऐकायची आहे." म्हणाल्या कसल्या, ओरडल्याच, पार्किंगमधले चार लोक वळून बघायला लागले. मी यादी केल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडत नाही. त्या दिवशीच्या पानावर तीन गोष्टी आहेत. एक, श्रवणयंत्र. दोन, गोळ्या, जेवणानंतर. तीन, शांतता. पहिल्या दोन गोष्टी धंतोलीत मिळाल्या.

तिसरी ताईंनी फोनवर शोधली. कुठल्याशा परदेशी किनाऱ्यावर लोक सौरऊर्जेच्या कॅटमरानमधून सुट्टीवर जातात. म्हणजे दोन अरुंद नावा शेजारी शेजारी, त्यांच्यावर एक फळ्यांचा मंच, वर सौर पाट्या, जोडीला शीड. ना धूर, ना घरघर. ताई तो फोन घेऊन थेट कुहीच्या पुढे, धरणाचं पाणी पसरलं आहे तिथल्या एका गावात गेल्या. यादी धरायला मी सोबत होते. डोंगे, म्हणजे अरुंद लाकडी नावा, बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी चित्र लांब धरून पाहिलं आणि परत दिलं. "याच्यात काय नवीन आहे बाई? आमी वरात न्यायची असली का दोन डोंगे असेच बांधतो." ताईंना असा काही आनंद झाला की त्यांनी तिथेच दोन डोंग्यांची मागणी नोंदवली. तेव्हापासून कॅटमरानचा शोध कुही तालुक्यात लागला असं त्या ठणकावून सांगतात, आणि कुणी हसलं तर त्याला दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

चार महिन्यांत होडी झाली. सौर पाट्या, बॅटऱ्या, छोटी विजेची मोटर आणि तंबूच्या जाड कापडाचं शीड, जे ताईंनी स्वतः मशीनवर शिवलं. हिवाळ्यात पाच-सहा पाहुण्यांना घेऊन दोन-दोन दिवसांच्या सहली ठरल्या. दिवसा पाण्यावर, रात्री काठावरच्या तंबूत. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, झुणका-भाकर आणि ठेचा. पाण्यात काहीही टाकायचं नाही, श्रद्धेने नारळसुद्धा नाही. सगळ्यांचे फोन पापडाच्या डब्यात. आणि खर्रा, म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी, बंद. नागपूरच्या माणसाचा खर्रा काढून घेणं किती धाडसाचं आहे हे बाहेरच्यांना कळायचं नाही. एका बँकेतल्या साहेबांनी पन्नी मुठीत लपवून हळूच घोटायला सुरुवात केली. ताईंना ती करकर ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण फळीवर ठेवलेल्या तळपायाला ती कळली. बत्तीस वर्षं यंत्र पायांनी ऐकायची सवय. "काहून गा भाऊ, होडी घासून राहिला का?" साहेबांनी खर्रा दिला. मी त्याची पावती केली आणि परतताना तो सहीनिशी परत दिला.

या शांततेत एकच अडथळा होता, आणि तो म्हणजे ताई. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात, पण ताई टर्बाइनवर मात करायला शिकलेल्या. होडी मधोमध आली की त्या उभ्या राहून पुकारत, "आता सगळ्याइनं एकदम शांत बसा!" आणि पलीकडच्या काठावरचे बगळे एका दमात उडून जात. मी एकदा सुचवलं की ही सूचना पाटीवर लिहू या. "पाटी वाचत नाही लोक," ताई म्हणाल्या. पाठोपाठ अलीकडचेही बगळे उडाले.

मग परवानगीचं प्रकरण आलं. अर्जात इंधनाचा रकाना होता. ताईंनी 'सूर्य' असं लिहिलं. पुढच्या रकान्यात पुरवठादाराचं नाव हवं होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, पुरवठादार लिहा, नाही तं अर्ज पुढे नाही जात." "रोज सकाळी पूर्वेकडून येते, तूच विचार त्याले," ताई म्हणाल्या. अर्ज पुढे गेला नाही. तीन महिने फिरला, डिझेल बोटींच्या नियमांखाली जाऊन आला, वल्ह्यांच्या नियमांखाली जाऊन आला, आणि शेवटी कागद मिळाला: 'फक्त कौटुंबिक वापरासाठी'. बाहेरचा एकही प्रवासी दिसला तर होडी काठावर ओढून कुलूप. मी कागद दोनदा वाचला आणि ताईंना म्हटलं, आता आपण दोघीच जात जाऊ. ताईंना मूलबाळ नाही, त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. कुटुंब म्हणजे मी आणि पाण्याला घाबरणारा माझा नवरा. पण दोघींनी ढकलून दोन डोंग्यांची होडी काठावरून हलतसुद्धा नाही, हे आम्ही करून पाहिलं होतं. ताईंनी कागदाची घडी केली. "कुटुंब किती मोठं असावं, असं लिहिलं आहे का याच्यात? नाही ना? मंग झालं तं."

पुढच्या सहलीपासून काठावर नवा विधी सुरू झाला. येणाऱ्या बाईची ओटी, पुरुषाच्या कपाळाला कुंकू, हातावर साखर, आणि नातं. तू भाची, तू पुतण्या, तुमी माझे मावसभाऊ. माझ्याकडे नोंदवही आली: अनुक्रमांक, नाव, नातं, कोणाकडून. मी नीटनेटकं काम करणारी बाई आहे. महिन्याभरात मला हिशोब जुळेना. "ताई, मावसभाऊ बारा झाले." ताई शीड उलगडत होत्या. "मावशीच तशी होती," त्या म्हणाल्या.

लोक आधी लाजत. पण दोन दिवस एकमेकांशी न बोलता एका फळीवर बसलं की माणसं खरोखरच सैल होतात. घरी गेल्यावर ती फोन करत, आणि ताईंना फोनवर ऐकू येत नाही म्हणून ती सगळी माझ्याशी बोलत. मग पत्रिका यायला लागल्या. आत्याबाईंनी यायलाच पाहिजे. एका हिवाळ्यात आम्ही सात लग्नं, तीन बारशी आणि भंडाऱ्याचं एक साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, केलं. साक्षगंधात ताई रुसल्यासुद्धा, मान नीट मिळाला नाही म्हणून.

शेवटी परवानगीच्या कार्यालयातून तपासणीला साहेब आलेच. सकाळचे अकरा, होडीत सहा जण. कुणीतरी तक्रार केली होती. साहेबांनी काठावरूनच काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला विचारलं, "तुम्ही बाईंचे कोण?" तो बिचारा गडबडला. "मी काटोलचा." त्याची बायको मागून फुसफुसली, "अहो, दीर ना तुम्ही त्यांचे!" होडीला कुलूप म्हणजे त्या डाव्या कानाचा उरलेला हिवाळा घराच्या भिंतींआड जाणार, हे मला आणि ताईंनाच ठाऊक होतं. साहेब लालबुंद झाले. "बाई, मले मूर्ख समजता का तुमी?"

"नाही गा, पाहुणा समजते. ये बस. पाण्यावरची वस्तू पाण्यावर तपासतात."

ते चिडून चढले, सौर पाट्या पाहिल्या, बॅटरी पाहिली, वही मागितली, तीही मी दिली. मग दरडावून म्हणाले, "चालू करा मोटर. पाहू द्या मले." ताई म्हणाल्या, "मागे पाहा." काठ पाऊण फर्लांग मागे राहिला होता. साहेबांनी एकदा काठाकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पुढच्या तासाभरात त्यांना डुलकी लागली. त्यांची मान हळूहळू व्यापाऱ्याच्या खांद्यावर गेली, आणि दिराने ती तशीच राहू दिली. उतरताना त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि अहवालात लिहिलं: 'होडीत सर्व कुटुंबीय आढळले.' ताईंनी मला खूण केली. मी वहीत त्यांची नोंद 'जावई' अशी केली; त्यांना जपून वागवायचं असतं म्हणून.

होडी वाचली. कान मात्र डॉक्टरांनी सांगितल्याच्याही आधी गेला. गेल्या पौषात आम्ही पाण्याच्या मधोमध होतो, मोटर बंद, शीड सोडलेलं. ताई नेहमीसारख्या उभ्या राहून ओरडल्या नाहीत. माझ्याकडे पाहून त्यांनी हातानेच विचारलं, झालं का सगळं शांत? मी मान हलवली. त्यांनी यंत्र कानातून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवून दिलं. "आता तुमाले जेवढं ऐकू येते, तेवढंच मलेही येते," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाल्या. "इथी कोणी बहिरं नाही वं."

खरं तर खूप काही ऐकू येत होतं. दोन डोंग्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पाणी डुबुक डुबुक करत होतं, बदकांचा थवा पंख फडफडवत डोक्यावरून गेला, आणि लांब कुठेतरी कुणी बाई धोपटण्याने कपडे बडवत होती. ताई डोळे मिटून, चेहरा उन्हाकडे करून बसल्या होत्या. मी त्यांना त्यातलं काहीच सांगितलं नाही.