ग्रुपचं नाव

माझ्या कम्प्युटरवर घरच्या नेटवर्कची यादी उघडली, की त्यात एकटा मीच दिसतो. सुनीताचा कम्प्युटर शेजारच्या खोलीत सुरू आहे, पण यादीत त्याचा पत्ता नाही. तिचे सगळे फोटो त्यातच आहेत. तेराव्याला ठेवायला एक हवाय.

फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, दोन्ही कम्प्युटर एकमेकांना दिसायला त्यांच्या ग्रुपचं नाव एकच लागतं. आईच्या कम्प्युटरवर काय आहे, बघा बरं."

तिथे होतं 'साठे'. तिचं माहेरचं आडनाव. हा कम्प्युटर तिने माहेरूनच आणला होता. लग्नानंतर रेशनकार्डापासून बँकेपर्यंत तिचं आडनाव बदललं, ते मी गृहीतच धरलं होतं. इथे मात्र ती इतकी वर्षं साठेच राहिली होती. एका घरात राहून माणूस माणसाला दिसतो तरी किती?

"मग तिथे आपलं आडनाव टाका ना," मुलगी म्हणाली.

माझा हात धजेना. मी माझ्या खोलीत आलो आणि माझ्याच कम्प्युटरवर 'साठे' टाइप केलं. तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला. यादीत आता दोन नावं होती.

"अगं, दिसलीस!" मी शेजारच्या खोलीकडे वळून ओरडलो.