शिडीवरचे तीन ठोके

पाण्याखाली मास्तरांचं कधी काही अडलं नाही. तिथे सगळेच हातांनी बोलतात. अंगठा वर म्हणजे वर चला, तळहात आडवा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. किनाऱ्यापासून बोटीने तासाभरावर असलेल्या प्रवाळाच्या भिंतीपाशी बावीस वर्षं पाहुण्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरवता उतरवता त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. पण खाली ते कळणार कोणाला?

घरी कळायचं. "बेल वाजून वाजून जळेल एक दिवस," बायको करवादायची. "कुठे असता हो?"

"कानात पाणी आहे. निघेल."

"गेल्या वर्षीचंच ना ते?"

डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पाणी नाही, आतली नस गेलीय. आता खाली जाणं बंद. तो कागद कपाटात कपड्यांखाली सरकवलेला होता. बोटीच्या मालकांना दिसला तर काम गेलंच, आणि जमिनीवरचं दुसरं कुठलं काम मास्तरांना येत नव्हतं.

बोट त्यांचा मेहुणा चालवायचा. वर काही बिनसलं तर त्याने बोटीच्या लोखंडी शिडीवर पान्याने तीन ठोके घालायचे, आणि ते ऐकून मास्तरांनी सगळ्यांना वर आणायचं, असं ठरलेलं. पाण्यात तो आवाज लांबवर जातो.

त्या दिवशी खाली एक शिक्षिका आणि त्यांची कॉलेजातली मुलगी होती. मास्तर कपारीतला वाम मासा दाखवत असताना मुलीने त्यांचा दंड धरला. ती कानाला हात लावून वर बोट दाखवत होती. कान दुखत असेल, म्हणून मास्तरांनी नाक चिमटीत धरून हवा फुंकायची खूण केली. तिने जोराने मान हलवली, आणि मुठीने पाण्यातच तीन ठोके मारले.

ते वर आले तोवर प्रवाह फिरला होता. मेहुण्याने दोर फेकून एकेकाला ओढून घेतलं. शिक्षिका फळीवर आडव्या पडून ओकत होत्या.

"भावोजी, हाताला फोड आले ठोकून!"

मास्तर त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मेहुणा त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. क्षणभराने समोरच्या मुलीचा चेहरा पडला. तो मागून काहीतरी बोलला होता, आणि ते तिने ऐकलं होतं.

मेहुणा परत पुढे आला. "ताईला मी सांगू, की तुम्ही?" त्याने एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"मीच सांगतो. मालकांनाही."

पुढच्या आठवड्यापासून खाली नवा माणूस जाऊ लागला. मेहुण्याने रदबदली केली म्हणून मास्तर निदान बोटीवर राहिले, हातात पाना घेऊन. एका दुपारी पाणी फिरलेलं दिसताच त्यांनी शिडीवर ठोके घातले. मनगटात तीन धक्के बसले, बाकी काही नाही. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. वाजले, अशी त्याने मान डोलावली.

तरी मास्तरांनी पुन्हा ठोके घातले, आणि बुडबुडे बोटीकडे सरकताना दिसेपर्यंत ते घालतच राहिले.