दोन खिडक्यांचे चाचा

मुरुडच्या किनाऱ्यावरची सगळी वाळू बारीक आणि जाड अशी निवडून ठेवायला कुणाला सांगायचं झालं, तर ते काम आमचे घरमालक चाचाच करतील. आणि हात लावण्याआधी त्या वाळूची एक कॉपी काढून ठेवतील. तरुणपणी कुवेतच्या एका ऑफिसात त्यांनी कागदाच्या फायली सांभाळल्या, आता सत्तरीत कॉम्प्युटरमधल्या सांभाळतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक खास प्रोग्रॅम आहे. त्यात पडद्याचे उभे दोन भाग होतात: फाइल कुठून उचलायची ते डावीकडे, कुठे ठेवायची ते उजवीकडे. लॅपटॉपवर तोच, फोनवरही तोच. फोनवर दोन्ही भाग मावावेत म्हणून ते फोन आडवा धरतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं चाचा क्रिकेट बघतायत. स्कोअर विचारणाऱ्यांना ते फायलींची संख्या सांगतात. "एकाच खिडकीतनं बघणारा माणूस फसतो, मास्तर," हे ते नेहमी माझ्याकडे बघूनच म्हणतात.

त्यात त्यांची चूक नाही. मी शाळेत मुलांना नीटनेटकेपणावर निबंध लिहायला देतो, आणि माझ्या लॅपटॉपवर 'न्यू फोल्डर'पासून 'न्यू फोल्डर एकतीस'पर्यंत अख्खी वंशावळ नांदते. 'महत्त्वाचे', 'फार महत्त्वाचे' आणि 'हेच खरे महत्त्वाचे' या तिन्हींत मिळून एकच लग्नपत्रिका होती, तीही माझ्या ओळखीच्या कुणाची नव्हे. चाचांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "या अल्लाह" म्हणून चष्मा पुसला आणि पाणी मागितलं. मग दोन दुपारी बसून माझा लॅपटॉप आणि फोन दोन्ही लावून दिले. जाताना बजावलं, "कट करायचं न्हाय. आधी कॉपी, मग दोन्हीकडचं ताडून बघायचं, मगच डिलीट." मी गुणी विद्यार्थ्यासारखी मान हलवली, म्हणजे काहीच ऐकलं नाही.

गेल्या वर्षी आई गेली. ती फोनवरून मला स्वयंपाक शिकवायची: सुक्या जवळ्याची चटणी, फणसाची भाजी, मधेच माझ्या पोटाच्या घेरावर शेरे. ते सगळं मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. फोन भरला तेव्हा ती रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घ्यायला बसलो. अलिबागची एसटी गाठायची होती, ताडून बघायला वेळ कुणाला? मी ऐटीत 'कट' केलं आणि काम अर्ध्यावर असतानाच वायर उपटून पळालो. संध्याकाळी येऊन पाहतो तर फोनमधला फोल्डर रिकामा, आणि लॅपटॉपवर नावं सगळी, पण वाजत एकही नव्हतं.

पन्नाशीतला मास्तर मी, वरच्या मजल्यावर चाचांकडे गेलो तो नापास पोरासारखा. चाचा रागावले नाहीत. कपाटातून एक हार्ड डिस्क काढत म्हणाले, "तुमच्या फोनला हात लावला तवाच आमी कॉपी काढलेली. सांगितलं व्हतं तुमाला. तुमचं लक्ष चहात." त्यांच्या दोन खिडक्यांतून आई एकेक फाइल करून परत आली. ती कॉपी काढल्यानंतरच्या शेवटच्या तीन तेवढ्या गेल्या, त्या गेल्याच.

ताडून बघायचं म्हणून चाचांनी एक फाइल लावली, जवळ्याच्या चटणीची. "कांदा बारीक चीर रे," आई म्हणाली, "तुझ्या अक्षरासारखा नको." मी हसलो आणि लगेच नाक पुसलं. चाचा मात्र पडद्याकडे बघत राहिले. चाचींना जाऊन सहा वर्षं झालीत.

"आमी कुवेतला व्हतो ना," ते म्हणाले, "तवा तुमची चाची कॅसेटवर बोलून पाठवायची. आमी ऐकायचो, आन् त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत धाडायचो. ती पण तसंच करायची. चांगली कॅसेट हाय, नवी कशाला, असं वाटायचं. बारा वर्सं." मग म्हणाले, "तिचा आवाज कुठंच न्हाय, मास्तर. आमीच पुसला."

  

"ती जवळ्याची परत लावा," चाचा म्हणाले. मी लावली. आईने पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि आम्ही दोघं ऐकत बसलो.