मिरजगावचा बारा ते तीनचा ढग

हसायचं तर खुशाल हसा, पण मी ढगांवर पीएचडी करते हे आधी सांगून ठेवते, कारण नंतर तुमचा विश्वास बसणार नाही.

काम तसं साधं. ढगामुळे जमिनीवर पोचणारं ऊन किती कमी होतं, ते मोजायचं. त्यासाठी मिरजगावात एका शेतकरी काकूंच्या स्लॅबवर यंत्र बसवलं होतं. वाटीएवढा काचेचा घुमट, खाली वायरी. आकडे थेट माझ्या पुण्याच्या एसी खोलीत यायचे. काय सुख सांगू तुम्हाला.

एप्रिल लागला आणि चमत्कार सुरू झाला. रोज बाराला आकडे धाडकन खाली, तीनला परत वर. उपग्रहाच्या चित्रात मात्र ढगाचा ठिपकाही नाही. मग मी काय निष्कर्ष काढावा? ढग इतका छोटा आहे की उपग्रहालाच दिसत नाही. अहो, मी त्याचं बारसंसुद्धा उरकलं, 'मिरजगाव मध्यान्ह मेघ'.

माझ्या गाईड सरांनी विचारलं, "रविवारीही येतो?"

"हो सर, न चुकता."

"म्हणजे सरकारी नोकर नाही एवढं नक्की. जा, फोटो काढून आण."

आठ दिवसांवर परिषद होती. तिथं याच ढगावर माझं आयुष्यातलं पहिलं भाषण होतं, तेही सरांनी शब्द टाकून मिळवलेलं. कॅमेरा घेतला, एसटी पकडली आणि बाराच्या आत काकूंच्या स्लॅबवर हजर झाले. आभाळ निळंशार. माझा ढग कोणत्या बाजूने येतो म्हणून मी मान वर करून उभी.

तो जिन्याने आला. काकूंच्या हातात ओला पंचा होता. त्यांनी तो पिळला आणि घुमटावर अलगद पांघरला.

"काकू, हे काय करताय?"

"तूच म्हनली हुतीस न्हवं, लेकरावानी जपा? मग भर उन्हात लेकरू कुनी उघडं ठिवतं व्हय? काच तडकंल ती. तीनला काढते की."

"रोज?"

"येक दिस चुकले न्हाई."

त्या इतक्या अभिमानाने म्हणाल्या की मला रागावताही येईना. मी त्यांना सगळं सांगितलं. ढग, बारसं, भाषण. काकूंनी नीट ऐकून घेतलं.

"मंग येक फोन करायचा व्हता. ढग हाय का न्हाई, मी वर बघून सांगितलं असतं."

चार वर्षं ढगांचा अभ्यास, पण हे मला सुचलं नव्हतं. परिषदेत शेवटी 'यंत्र बसवताना होणाऱ्या चुका' यावर बोलले. त्या विषयात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता पंचा बंद आहे. काकू रोज बाराला वर बघून फोन करतात, "आज कायबी न्हाई गं," आणि मी ते नोंदवते. परवा सर म्हणाले, "यंत्र काकूंच्या घरी, निरीक्षण काकूंचं. मग या पीएचडीत तुझं काय?"

मी म्हटलं, "सर, टायपिंग."