दार आपटल्याचं रेकॉर्ड

दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात परदेशी लष्करी अधिकाऱ्यांच्या याद्या येतात. त्यांना शस्त्रांची मदत देण्याआधी त्यांच्यापैकी कुणी कैद्यांना छळलंय का, हे तपासायचं काम माझ्या शेजारच्या टेबलावरच्या चाचांचं. मूळचे रत्नागिरीचे. "आधी रेकॉर्ड बघू," हे त्यांचं पालुपद. न्हावी बदलायचा तरी दहा जणांकडे चौकशी करतात. अजमानहून आम्ही त्यांच्याच गाडीने येतो. पहिल्या दिवशी मी दार आपटलं, तर त्यांनी मला महिनाभर मागच्या सीटवर बसवलं.

परवा मॅनेजर घाईघाईने आले. "हबीबी, इस कर्नल पे एक ही कंप्लेंट है, वो भी पुरानी. टिक करो, खलास!"

चाचांनी सावकाश चष्मा पुसला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "सर, इसने भी एक ही बार पटका था. महिनाभर पीछे बिठाया. और वो तो दरवाजा था."

कर्नलच्या नावापुढची चौकट रिकामीच राहिली.

संध्याकाळी मी दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही.

"परत लाव," चाचा म्हणाले. "घाबरू नको, तुझं रेकॉर्ड सुधारतंय."