फळ्यांचं छत आणि मायचा आवाज

गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतलं आमचं चर्च राणीच्या राज्यातलं. लाल विटा, टोकदार कमानींच्या खिडक्या, आणि छप्पर इतकं उभं की जणू इथं बर्फच पडणार होता! कसला बर्फ अन् कसलं काय, मे महिन्यात चर्चच्या पायरीवर तळवे भाजायचे. आत छप्पर तोलणाऱ्या सागवानी कैच्या वर वर अंधारात जायच्या. खाली बोललेला शब्द तिथं घुमून परत यायचा.

साहेबांच्या काळात आम्हा मराठी लोकांची उपासना शाळेच्या व्हरांड्यात व्हायची. स्वातंत्र्यानंतर साहेबांची कुटुंबं एकेक करून निघून गेली आणि चर्च आमच्या हाती आलं. पहिल्या रविवारी माझ्या मायनं गीताची ओळ उचलली. तिचा आवाज काही मोठा नव्हता. पण त्या उंच छपरानं तो असा भरून परत दिला की ती स्वतःच दचकली.

"छातीत वाजून राहिलं व!" बा मोठ्यानं म्हणाला. सगळे हसले.

बाचे कान लोकोशेडमध्ये बॉयलर ठोकता ठोकता गेले होते. घरी त्याला हाका मारून आमचा जीव जायचा. कित्येक वर्षांनी बायकोचं गाणं त्याच्यापर्यंत पोचलं ते तिथं. मग शनिवारपासूनच त्याची कपडे इस्त्री करायची घाई सुरू व्हायची.

पण गाण्याला जे मानवलं ते उपदेशाला नडलं. पाळकसाहेबांचं एक वाक्य परत येऊन दुसऱ्यावर बसायचं, नुसता कालवा. बा घरी येऊन चिडायचा, "काय सांगून राह्यले, मले एक शबद समजत नाई!" तक्रार बऱ्याच जणांची होती. शेवटी ठरलं, कैच्यांच्या खाली फळ्यांचं सपाट छत ठोकायचं, म्हणजे आवाज वर घुमणार नाही. गाणी मायकडे, म्हणून पंचांनी तिला विचारलं. मी तिच्या कानाशी लागले, नको म्हण.

"देवाचं बोलणं तुया बाले बी ऐकू येऊ दे ना व," ती मला म्हणाली. मग पंचांना, "बसवा जी."

गाण्याचं काय होईल हे तिला तेव्हा कळलं होतं का, मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

छत बसलं. मोठ्या खिडकीची कमान मधोमध कापली गेली, तिचं टोक रंगीत काचांसकट वर अडकून पडलं. ते पाहून माझं असं डोकं फिरलं! पण बा पहिल्या बाकावर मान डोलावत उपदेश ऐकत होता, शब्दन् शब्द. मग माय गायला उभी राहिली. आवाज तिच्या ओठांपुढेच पडला. बा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पाळकसाहेबाचं सबन ऐकू आलं. पन तूच काऊन हळू गाऊन राहिली होतीस? मन नाई लागत का?"

मी तोंड उघडलं. मायनं माझा हात दाबला.

"घसा बसला जी," ती म्हणाली.

बा तसाच बाजारात गेला आणि घशासाठी पुडीभर मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, घेऊन आला. मग दर आठवड्याला आणत राहिला, देवाघरी जाईपर्यंत. आणि धडधाकट गळ्याची माझी माय दर रविवारी त्याच्यादेखत ती चघळायची, मग गायला उभी राहायची.