दा वलीच्या घरी उतरलेली इघीलची माणसं

अगुनी गावात दा वलीच्या घराला सगळे विमानतळ म्हणत. माणसं तिथे ऑगस्टमध्ये उतरायची आणि महिना संपला की उडून जायची. अलीकडे तर तीही यायची बंद झाली होती. काबिलियाच्या डोंगरात अशी घरं गावोगाव आहेत, पण दा वलीचं सगळ्यांत उंच. खाली गॅरेज आणि म्हातारा-म्हातारीच्या दोन खोल्या, वर परदेशात राहणाऱ्या तीन मुलांसाठी तीन मजले. फ्रान्समधल्या ओतीव लोखंडाच्या कारखान्यात उभी हयात घालवून त्याने ते बांधलं होतं. प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघर, फरशा, तिकडून आणलेले सोफे, आणि सोफ्यांवर ते आणताना होतं तेच प्लॅस्टिक. किल्ल्या कमरेला. बायको ताऊस दर गुरुवारी वर जाऊन खिडक्या उघडायची, धूळ पुसायची आणि पुन्हा लावून घ्यायची.

माणूस वाईट नव्हता. मयतीला पहिला, लग्नाला शेवटपर्यंत. फक्त घराच्या बाबतीत त्याचा जीव खालीवर व्हायचा. पोरांचा चेंडू भिंतीला लागला की हा ओलं फडकं घेऊन बाहेर. लोक हसायचे, पण तोंडावर नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिणेचा गरम वारा सुटला आणि थांबेचना. एका दुपारी ओढ्यापलीकडच्या डोंगराच्या धारेवर, इघील गावाच्या मागून धूर उठला. अगुनीचे पुरुष ट्रॅक्टरवर पाण्याच्या टाक्या चढवून निघाले, पण अर्ध्या वाटेवरच आगीने त्यांना परतवलं. थोड्या वेळाने इघीलची माणसं ओढ्यातून वर येऊ लागली. कुणाच्या काखेत पोर, कुणाच्या हातात बकरीची दोरी, एका बाईच्या हातात नुसतीच चहाची किटली. दोन्ही गावांत सोयरिकी होत्या, ओढ्याच्या पाण्यावरून भांडणंही होती. त्या दुपारी दोन्हीपैकी कशाचीच आठवण कुणी काढली नाही. इघीलची बहुतेक घरं गेली, जैतुनांची, म्हणजे ऑलिव्हची, राई गेली, माणसंही गेली. त्यांची नावं अगुनीत अजूनही हळू आवाजात घेतली जातात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात गावसभा बसली. सभेचा प्रमुख हम्मू एकेका घराला विचारत गेला. कुणी एक खोली दिली, कुणी गच्ची. दा वलीची पाळी आली तेव्हा तो उभा राहून म्हणाला की गॅरेज माझं आहे, ते देतो; वरचे मजले मुलांचे आहेत, ते माझ्या हातात नाहीत. हम्मूने डोळे वर न करता म्हटलं, "गॅरेज तर गॅरेज, दा वली. आजपासून मोटार उघड्यावर झोपेल."

गॅरेजमध्ये फेत्ताचं कुटुंब आलं. नवरा मेझियान, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, तीन मुलं, आणि सासरा दा मुहूब, जो आल्यापासून बोलला नव्हता. ताऊसने गाद्या टाकल्या, पडदा बांधला. पुढच्या दिवसांत शहरांतून मदतीच्या गाड्यांची रांग लागली. औषधं आली, पाणी आलं, आणि कपड्यांचे ढीग आले. एका पोत्यात लग्नात घालायच्या उंच टाचांच्या चपला निघाल्या. फेत्ताच्या मुलींनी त्या घालून अंगणात फेऱ्या मारल्या, तेव्हा आगीनंतर पहिल्यांदा त्या अंगणात कुणीतरी हसलं.

जेवणाची व्यवस्था सभेने लावून दिली होती. रोज वेगळ्या घरातून पातेली यायची: कुसकुस, डाळीचं सार, भाकरी. अगुनीच्या बायकांनी हात आखडला नाही. उलट कुणाच्या पातेल्यात जास्त मांस, यावर पाणवठ्यावर चढाओढ. फेत्ता पातेली घासून, पुसून परत द्यायची आणि आशीर्वाद द्यायची. मग एके दिवशी ताऊसच्या लक्षात आलं की पातेलं जसं आलं तसंच परत निघालं आहे. मुलांनी थोडं खाल्लं होतं, मोठ्यांनी हातही लावला नव्हता. तिने फेत्ताला जवळ बसवून विचारलं की चव आवडत नाही का.

फेत्ता म्हणाली, "चव चांगली आहे. तुम्हा लोकांचे हातही चांगले आहेत. पण भाकरी नको आता. पीठ द्या. माझी पोरं रोज विचारतात, आज आपल्याला कोण खाऊ घालणार? हा प्रश्न मला ऐकवत नाही."

ताऊसने ते नवऱ्याला सांगितलं. दा वली म्हणाला की गॅरेजमध्ये गॅसची शेगडी लावून देतो, त्यात काय. ताऊस संसारात कधी वाद न घातलेली बाई. तिने नवऱ्याच्या कमरेकडे, किल्ल्यांकडे बोट दाखवलं.

"वर तीन स्वयंपाकघरं आहेत. इतकी वर्षं मी त्यांच्यावरची धूळ पुसते. तिथे आजवर चहासुद्धा उकळलेला नाही. आणि पोरांनी भाकरी पेट्रोलच्या वासात खायची?"

संध्याकाळी दा वलीने थोरल्या मुलाला, फरीदला, फोन लावला. दुसरा मजला फरीदचा होता. फरीदने शांतपणे समजावलं की नुकताच रंग दिला आहे, एकदा माणसं शिरली की निघत नाहीत, आणि सरकार घरं देणारच आहे, थोडी वाट बघा. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दा वलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तुला विचारायला नाही, सांगायला फोन केला होता." खरं तर त्याने विचारायलाच केला होता.

सोफ्यांवरचं प्लॅस्टिक त्याने स्वतः कात्रीने कापलं. इतक्या वर्षांनी ते कापडाला चिकटलं होतं, सोलून काढावं लागलं. फेत्ताने पहिल्या दिवशी मातीच्या तव्यावर भाकऱ्या भाजल्या आणि पहिली खाली ताऊसकडे पाठवली. भिंतीवर धुराचा पट्टा उमटला. दा वलीने तो पाहिला, फडक्याकडे हात गेला, पण तो तसाच मागे घेऊन जिन्यावरून खाली उतरला.

ताऊसकडून कळलेलं फेत्ताचं ‘भाकरी नको, पीठ द्या’ हे वाक्य हम्मूने सभेत जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर गावाने पातेली बंद केली. प्रत्येक कुटुंबाला पीठ, रवा, तेल, गॅसची टाकी आणि स्वतःची चूल असं ठरलं. बंद असलेल्या इतर घरांच्या किल्ल्या फोनवरून मागितल्या गेल्या. काहींनी दिल्या, काहींनी फोनच उचलला नाही. हिवाळ्याच्या तोंडावर जैतून काढायची वेळ आली, तेव्हा अगुनीत हात कमी आणि इघीलच्या हातांना काम नाही. सभेने ठरवलं, जो काढेल त्याला अर्धं. कुणाला दान दिल्याचा मान मिळाला नाही, कुणाला घेतल्याची लाज वाटली नाही. ओढ्याकडच्या चढावर मेझियानने बऱ्या होत आलेल्या हातांनी दा वलीच्या झाडांची जैतुनं काढली, आणि छाटणी कशी चुकली आहे हेही त्याला सुनावलं.

दा मुहूब मात्र कामाला गेला नाही. दुसऱ्या मजल्याची गॅलरी थेट इघीलसमोर उघडायची, काळ्या डोंगरावर. त्याने पहिल्याच दिवशी आपली खुर्ची उचलून घराच्या मागच्या बाजूला नेली, जिथून फक्त दुसऱ्याच्या भिंती आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे. आगीत गेलेली ती आख्खी राई त्यानेच रानजैतुनांवर कलमं बांधून उभी केली होती. दा वली आपली खुर्ची तिथेच नेऊ लागला. दोघे डॉमिनो खेळायचे. सुरुवातीला नुसत्या सोंगट्यांचा आवाज, मग एखादा शब्द, मग डाव चोरल्याचे आरोप. दा वलीला बोलायला माणूस मिळाला होता, हे आधी ताऊसच्या लक्षात आलं, नंतर त्याच्या.

वसंतात इर्जिक सुरू झाली. दर शुक्रवारी अगुनीचे पुरुष सिमेंट, वाळू घेऊन इघीलला जायचे आणि एकेक घर उभं करायचे. बायका तिथेच स्वयंपाक करायच्या. उन्हाळ्याआधी फेत्ताच्या दोन खोल्या तयार झाल्या. सामान ट्रॅक्टरवर चढलं, मुलं चढली. दा मुहूब खुर्चीतून उठला नाही.

"बाबा, चला," फेत्ता म्हणाली. "गाडी उभी आहे."

"तुम्ही जा. तिथे सकाळी उठून मी काय बघू? राख?"

मेझियानचा चेहरा उतरला. सासऱ्याला परक्या घरी टाकून सून निघून गेली, असं दोन्ही गावं म्हणतील, हे फेत्ताने बोलून दाखवलं. दा वली मध्ये पडला. "टाकून कसलं, पोरी? माझा डाव अर्धवट आहे. हा कालपासून हरतोय आणि आता पळून जाऊ बघतोय, असं मी सांगेन सगळ्यांना."

म्हातारा हसला नाही, पण जागचा हललाही नाही. मग फेत्ता म्हणाली, "राहू द्या. पण दर शुक्रवारी जेवण मी आणणार. ते तुम्ही दोघांनी खायचं, आणि नको म्हणायचं नाही." दा वलीने मान हलवली. त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही. बर्फात ती पायी आली.

त्या उन्हाळ्यात फरीद बायकोमुलांना घेऊन आला. आपल्या मजल्यावर एक अनोळखी म्हातारा, भिंतीवर धूर, स्वयंपाकघरात दुसऱ्या बाईच्या हाताचे डाग. तो बापाशी दोन दिवस धड बोलला नाही. त्याला वाईट वाटलं ते खोटं नव्हतं. त्या घरात त्याचेही पैसे होते. दा वलीने भांडण केलं नाही आणि माफीही मागितली नाही. मुलाचं सामान त्याने तिसऱ्या मजल्यावर चढवून दिलं.

दा मुहूब पुढच्या हिवाळ्यात गेला, ताप येऊन, फारसा त्रास न देता. पुरायचं इघीललाच, यावर चर्चा झाली नाही. जनाजा गाडीतून न्यायचा म्हटलं तर रस्ता होता, पण अगुनीच्या पुरुषांनी खांद्यावर उचलला आणि ओढ्यात इघीलच्या पुरुषांनी खांदा बदलला. दा वली चढावर धापा टाकत राहिला, पण त्याने काठी घेतली नाही.

दफन झाल्यावर घरचे पुरुष सांत्वन घ्यायला कबरस्तानाच्या दाराशी रांगेत उभे राहिले. दा वली बाकीच्यांसारखा हात मिळवून पुढे निघाला होता. मेझियानने त्याची बाही धरली आणि त्याला रांगेत, आपल्या शेजारी उभं केलं. मग दोन्ही गावांची माणसं एकेक करून समोरून गेली, आणि प्रत्येकाने त्याचाही हात हातात घेतला.